आई-आबांचा सोमवार

आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. मंगळवार पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात आमचं घर. पुढच्या बाजूला पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या आणि मधल्या पडवीत चटणी कुटायचा डंक. पुढं जातं घरघरायचं, मधे डंकाची लोखंडी मुसळं उखळात धाड-धाड आपटायची आणि मागं चुलीवरच्या कढईत आई लोकांचा मसाला भाजत असायची. ‘मीठ दे’ हे सुद्धा भांडण काढल्यासारखं ओरडून सांगावं लागे. त्या घरात वाढल्यामुळं माझा आवाज असा झाला. आजही काजूच्या भावासाठी वाशीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला की पलीकडचा माणूस दोन मिनिटांत विचारतो, ‘मॅडम, रागावलात काय?’ मी सांगते, रागावले नाही, माझा आवाजच तसा आहे. बहुतेक वेळा रागावलेलीही असते, पण ते त्याला कळायची गरज नसते.

उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. फेब्रुवारी सरत आला की बायका ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची गाठोडी घेऊन यायच्या, पोत्यांवर बसून राहायच्या आणि आपला घाणा उखळात पडेपर्यंत डंकावरची नजर काढायच्या नाहीत. एका वेळी उखळात जेवढं बसतं तेवढा एक घाणा. आपल्या चटणीत शेजारणीची चटणी मिसळली तर जणू घराण्याला बट्टा लागेल, असा प्रत्येकीचा समज. आई त्यांचं खोबरं भाजायची, तीळ भाजायची, कांदा काळपट तांबूस होईपर्यंत परतायची, आणि हे सगळं करताना हाताची आग व्हायची ती व्हायचीच. आबा पुढं गिरणीत. संध्याकाळपर्यंत आबा टोपीपासून पापण्यांपर्यंत पांढरे आणि आई कोपरापर्यंत लाल. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, ‘कमळाबाई, तुमच्याकडं रस्सा करायला नगो बघा. तांबडा-पांढरा घरातच हिंडतोय.’ आई हसायची आणि हसता हसता तिला ठसका लागायचा.

दिवसभरात ती दोघं एकमेकांशी सरळ असं काहीच बोलत नसत. आबांनी पुढून ओरडायचं, ‘पट्टा सुटला!’ आईनं मागून ओरडायचं, ‘डाळीत पाणी घातलंया!’ मी दोघांच्या मधे, डंकापाशी. दहावी झाल्यापासून डंक माझ्याकडंच होता. कोणाचा घाणा आधी, कोणाचा नंतर, कोण रांग मोडतंय, कोण उगाच ‘माझं पोर आजारी हाय’ म्हणून पुढं घुसतंय, हे सगळं मी बघायची. माझ्याशीही कोणी घरात सरळ बोलत नसे. पण त्याचं तेव्हा वाईट वाटत नसे, कारण कामाच्या दिवशी कुणाशीच कुणी बोलत नसे.

वाईट वाटायचं ते सोमवारी.

सोमवारी आमच्या भागाची वीज सकाळी जायची ती दिवस कलल्यावर यायची. जातं गप्प, डंक गप्प. दुसऱ्या गिरणीवाल्यांनी त्या दिवसासाठी डिझेलची इंजिनं ठेवली होती. आमच्याकडंही एक होतं, पण आबांनी ते घरामागच्या परड्यात नेऊन टाकलं होतं, त्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. कोणी विचारलं की म्हणायचे, ‘सोमवारी आमच्या मालकिणीची सुट्टी असती.’ आणि खरंच, जेवणं झाली की आबा मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. आत आई आणि आबा. बाहेर पायरीवर मी.

लोक समजतात तसं काही चोरून-लपून नव्हतं त्यात. बोळातल्या सगळ्यांना माहीत होतं. तालमीतली माणसं आबांना चिडवायची, ‘काय पावणं, आज कुस्ती जुळली काय?’ आबा सडपातळ, गालफडं बसलेली, वाऱ्यानं उडून जातील असे. आई त्यांना एकांतात ‘पैलवान’ म्हणायची. हे मला माहीत आहे, कारण यंत्रं बंद पडली की आमच्या घराला भिंती नसल्यासारखं व्हायचं. एरवी कानाशी बोललेलं ऐकू न येणाऱ्या त्या घरात सोमवारी बांगडी सरकली तरी पायरीवर ऐकू यायचं.

आबा आधी आईच्या हातांना लोणी चोळायचे. आठवडाभर मिरचीनं भगभगलेले तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. ‘हितं दुखतंय?’ ‘न्हाय.’ ‘हितं?’ ‘अवो, हळू की.’ मग आई त्यांच्या कानातलं पीठ तेल लावलेल्या फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, ‘ह्यात भाकरी व्हईल एक.’ आबा सकाळीच गजरा आणून माठाखाली ओल्या फडक्यात ठेवायचे. चुरमुऱ्यांचं भडंगही तेच कालवायचे, कच्ची कैरी चिरून, वर आमचीच चटणी भुरभुरून. आईनं त्या दुपारी चुलीला हात लावायचा नाही असा नियम होता. मला दाराच्या फटीतून वाटीभर भडंग मिळायचं. वाटी बाहेर देणारा हात एकदा आईचा असे, एकदा आबांचा, पण दार पुन्हा लागायचं.

परवा माझा मुलगा आणि सून दोघंही माझ्याकडं नातीला सोडून गेले. दोघं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला, एक सकाळच्या पाळीला तर दुसरं ऑफिसच्या वेळेला. शनिवारची संध्याकाळ त्यांनी फोनमध्ये लावूनच ठेवली आहे, म्हणे त्याची टिणटिण वाजते. ‘आई, आमच्यासाठी वेळ काढावा लागतो गं,’ सून म्हणाली. घरीच असतात, बाहेरसुद्धा जात नाहीत.  पण नात खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, ‘आजी, ते घरीच आहेत ना? मग मी का नको?’ तेव्हा माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. तिला आईस्क्रीम दिलं आणि हे लिहायला बसले.

सोमवारी त्या दाराआड दुसरंही एक काम चालायचं, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. लोणी, गजरा, भडंग झालं की आबांचा प्रश्न ठरलेला. ‘मग मालकीण, ह्या सोमवारी तुला काय देऊ?’

दुसरी बाई असती तर पाटल्या म्हणाली असती, निदान साडी तरी. आई जरा वेळ गप्प बसायची. तिचं गप्प बसणंही मला ऐकू यायचं. मग म्हणायची, ‘वरच्या बोळातल्या आक्काचं जातं झिजलंय. हात थरथरत्यात तिचं. तिचं दळण आता आपण घरपोच करूया.’ आबा म्हणायचे, ‘ते झालं आक्काचं. आणि तुला?’ ‘मला तेच की.’ कधी कुणाच्या बाळंतिणीला हळीव आणि तूप. कधी कुणाच्या घरी माती झाली की तेरा दिवसांचं पीठ आणि चटणी. खेड्यातून शिकायला आलेली पोरं ज्या बोर्डिंगात राहायची, त्या पोरांना वर्षाची चटणी आमच्याकडून जायची. तीही एका सोमवारी आईनं ‘मागितलेली’. आणि मग ती दोघं हसायची. काय हसायची! कुणाला द्यायचं, त्यांना न कळता कसं द्यायचं, कोण घ्यायला लाजेल, त्याला काय थाप मारायची, असल्या गोष्टींवर नव्या नवरा-नवरीसारखी खुदुखुदू हसायची. दान हीच त्यांची लाडीगोडी होती. मी पायरीवर भडंगातले शेंगदाणे वेचत बसायची आणि वाट बघायची, की कधीतरी आई म्हणेल, ‘आपल्या शालनला काहीतरी देऊया.’

ते कधी झालं नाही. मी मागितलंही नाही. मागायचं कशाला? सगळ्या पेठेचं न सांगता कळत होतं त्यांना.

बारावीच्या वर्षी मला कळलं की आजऱ्यात रायाप्पा नावाच्या माणसानं चटणीचा धंदा बंद केलाय आणि त्याचा जवळजवळ नवा डंक पडून आहे. आमच्या एका डंकावर हंगामात रांग बोळाच्या तोंडापर्यंत जायची, निम्मं गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडं जायचं. दुसरा डंक आला तर तो मी चालवणार, माझा, वेगळा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कॉलेज करून मास्तरीण व्हायचं माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. मी एसटीनं आजऱ्याला गेले. रायाप्पा काजूचा कारखाना काढायच्या नादात होता. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि तो त्यांच्यामधे खुर्ची टाकून बसला होता.

‘घरात बाप्या माणूस न्हाई काय गं?’ त्यानं विचारलं.

‘हाय की. पण त्येला कोण काय बी दर बोललं की व्हय म्हणतोय. म्हणून मी आलोय.’ आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखंच ‘आलो, गेलो’ म्हणतात.

रायाप्पा हसला. त्याला पैसे नको होते. त्याला इंजिन हवं होतं, कारण आजऱ्यात वीज आमच्यापेक्षा वाईट आणि काजूची भट्टी मधेच थांबली की माल जातो. हे त्यानं मला सांगितलं नाही. त्याच्या शेडमध्ये इंजिनासाठी ओतलेला नवा ओटा मी बघितला आणि समजले. मग मी भोपळ्याच्या वेलाखालच्या इंजिनाचं असं वर्णन केलं की देवाला दाखवायची वस्तू वाटावी. तो म्हणाला, वर काहीतरी दे. मी म्हणाले, तूच वर दे, आमचं इंजिन दोन माणसांचं काम करतंय आणि तुझा डंक उंदीर मारायच्या कामाचा. उठून दोनदा निघाले. दुसऱ्यांदा फाटकापर्यंत गेले. ‘ए, थांब की!’ तो ओरडला. ‘कुणाची लेक म्हणायची तू?’ शेवटी डंक, त्याचा पट्टा, दोन जादा मुसळं आणि पोचवायचा टेंपो, एवढं मी एका गंजक्या इंजिनावर घेतलं. वर त्यानं शेरभर काजू दिले. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी जेवढी उंच बसले होते तेवढी पुढं कुठल्याही गाडीत बसले नाही.

आबांनी इंजिन काढून न्यायला नाही म्हटलं नाही. ते म्हणालेच नसते. परड्यात ओटा बांधून मी डंक बसवला. नव्या बसवलेल्या यंत्राचा पहिला घाणा आपला नसतो, तो कुणाला तरी तसाच द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. पहिल्या घाण्यात लोखंडाचा वास उतरतो म्हणून आधी जाडं मीठ कुटून उखळ धुतात आणि मग ज्याला परवडत नाही त्याची चटणी. आईनं जैनबला बोलावलं. जैनब कागलकडच्या एका खेड्यातली. तिचा नवरा टेंपो चालवायचा, दोन वर्षांमागं गेला. हंगामात ती आईच्या हाताखाली मसाला भाजायला यायची, सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळच्या एसटीनं जायची. तिखट तोंडाची बाई. तिनं आपला घाणा पडताना माझ्या डंकाच्या खांबावर थोपटलं आणि म्हणाली, ‘मशीन हाय का घोडा? आमच्या गावात असला एक असता, तर चार गावच्या बायका कोल्हापूरला कशाला आल्या असत्या?’

आईनं ते ऐकलं. आई ऐकते तेव्हा तिचा हात कढईत थांबतो. मी बघितलं की हात थांबला.

पुढच्या सोमवारी मी पायरीवर बसले होते. लोणी झालं, कानातलं पीठ झालं. आबांनी विचारलं, ‘काय देऊ, मालकीण?’

आईच्या बांगड्या एकदा सरकल्या. मग म्हणाली, ‘जैनबला तो डंक.’

आबांनी लोण्याची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘अगं, पोरगी.’

‘तुमी सांगा तिला.’

‘मी? तूच सांग की. तुझं ऐकती ती.’

‘माझं? कवा ऐकलंय?’

आणि दोघं हसली. तेच हसणं. नवरा-नवरीचं.

मी वाटी घेऊन उठले आणि तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. डोकं तापलं होतं, पण मी सौदेवाली बाई, रागात असले तरी हिशेब सुटत नाही. मला वाटलं, आता दोघांपैकी एक जण येईल, घसा खाकरून विचारेल. तेव्हा काय म्हणायचं? सरळ नाही म्हणायचं? मग तो डंक माझ्या आईच्या डोळ्यांत कायमचा सलत राहिला असता. मंगळवारी, बुधवारी मी अटी बांधल्या. हा हंगाम माझा. पाऊस लागला की डंक जैनबकडं. पुढच्या हंगामात तिच्या गावची चटणी तिची, पण हातकणंगल्याकडचं आमचं गिऱ्हाईक तिनं घ्यायचं नाही. शिवाय जैनबनं आईकडं भाजायला येणं सोडायचं नाही. चांगल्या अटी होत्या. आजही मला त्यात खोट दिसत नाही. डंकाची मुसळं पडत होती आणि मी आतल्या आत एकेक कलम घोकत होते. आबा जवळून गेले की मी मान वर करायची. आई जेवायला वाढायला आली की मी घास तोंडाशी धरून थांबायची. कोणी काही बोललं नाही. शुक्रवार गेला, रविवार गेला. पाण्यावरून, पट्ट्यावरून, डाळीवरून ओरडाआरडी झाली. त्या एका गोष्टीवरून नाही.

सोमवारी आबांनी मला शाहूपुरीत पट्ट्याची क्लिपं आणायला पाठवलं. सोमवारी बहुतेक दुकानं बंद असतात हे त्यांनाही माहीत होतं. परत आले तेव्हा परड्यातल्या ओट्यातून चार बोल्ट वर आले होते. वर काही नव्हतं. मागच्या खोलीचं दार लावलेलं.

मी दार वाजवलं नाही. तशीच स्टँडवर गेले आणि कागलची एसटी धरली.

जैनबच्या दारात बायकांची गर्दी होती. ओसरीवर माझा डंक. गवंडी ओट्याला शेवटचा हात फिरवत होता. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, आणि ते फार वाईट होतं. जैनबनं मला बघितलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि गर्दीतून सरळ माझ्याकडं आली. माझे दोन्ही हात धरून तिनं आपल्या कपाळाला लावले.

‘काय करायलीस, जैनबभाभी?’

‘गप उभी राहा,’ ती म्हणाली. मग मागं वळून बायकांना ओरडली, ‘बघा गं, हीच ती! हिनंच दिलाय. स्वतः आजऱ्यासनं आणला, आणि म्हणली जैनबभाभीला देऊन टाका. हिच्या वयाच्या पोरी टिकल्या घेत्यात, हिनं मशीन दिली.’

मी तिला बाजूला ओढलं. ‘कोण म्हणलं तुला असं?’

‘तुझी आई. कोण म्हणणार? मी घेत न्हवतो. म्हणलं, कमळाबाई, तुमचं किती घ्यायचं एका बाईनं? तर म्हणली, माझं न्हाय हे, शालनचं हाय, तिचं मन मोडू नको.’

वाटेत पाठ केलेलं जे ओठांवर होतं ते सगळं तिथल्या तिथं वाळून गेलं. खरं बोलले असते तर आई खोटी पडली असती, आणि चार गावच्या बायकांसमोर जैनब फुकटखाऊ ठरली असती. गप्प बसले तर डंक गेला. दोन्हीकडून माझंच नुकसान, असा सौदा कोणी माझ्यासमोर त्याआधी मांडला नव्हता. जैनबनं चहा दिला, तो मी उभ्यानं प्याले. ओटा सुकायला अजून दोन दिवस होते, पण ती आत्ताच विचारायला लागली, ‘पहिला घाणा कुणाला देऊ? तूच सांग. तुझी मशीन.’

मला विचारणारी ती पहिलीच. नको त्या वेळी, नको ती गोष्ट, पण विचारत होती. ‘कुणाला बी दे,’ मी म्हणाले. ‘मला काय इचारतीस?’ आणि तिथून निघाले, नाहीतर तिच्या अंगणात रडले असते.

घरी आले तेव्हा वीज आली होती, जातं सुरू होतं, आबा पांढरे झाले होते. मी मेन स्विच खाली ओढला. दळायला आलेली माणसं बघत राहिली.

‘माझा डंक दिला,’ मी म्हणाले. मशीन बंद असल्यानं सगळी पेठ ऐकत होती. ‘वर माझ्या नावानं दिला! मला एका शब्दानं तरी इचारलं?’

आई मागून धावत आली. हात लाल. ‘अगं, परक्याला इचारत्यात. तुला काय इचारायचं? तू आणि आमी काय येगळी हाय काय? मी माझ्या दुसऱ्या हाताला इचारून देतो काय कुणाला काय?’

‘मी हात न्हाय तुझा!’

‘शालन,’ आबा म्हणाले. ते कधी ओरडत नसत, ओरडायला लागलं की खोकायचे. ‘तू दिलं नसतंस. म्हणून न्हाय इचारलं.’

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की तसं बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण शब्द पडला होता.

माझ्याकडं चार कलमं तयार होती. एक शब्द उच्चारायचा अवकाश, त्यांच्या तोंडावर मारता आली असती. पण मी म्हणाले, ‘बरोबर हाय. दिलं नसतं.’ आणि आत जाऊन पिशवी भरली.

एवढ्या वर्षांत मी अनेकांशी भांडले आहे, काही जणांना कोर्टात खेचलं आहे, दोनदा स्वतः पिंजऱ्यात उभी राहिले आहे. कोणीही माझ्याबद्दल कितीही वाईट बोललं तरी माझी झोप उडत नाही. आबांचं ते वाक्य मात्र आजही डोक्यात वळवळतं. ते खोटं होतं म्हणून नव्हे. अर्धं खरं होतं. सरळ मागितलं असतं तर मी दिलं नसतं. घासाघीस केली असती तर दिलं असतं. रायाप्पा परका माणूस, त्यानं मला फाटकापासून दोनदा परत बोलावलं. माझ्या आई-बापांनी एकदाही बोलावलं नाही. जगाला द्यायला त्यांचं मन एवढं मोठं होतं, पण माझ्याशी भांडायला त्यांच्याकडं एक सोमवार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजऱ्याला निघाले. रायाप्पानं सौद्याच्या दिवशी मी निघताना म्हटलं होतं, ‘अशी जीभ माझ्याकडं कामाला असती तर!’ तेवढ्या बोलण्यावर विश्वास ठेवून निघाले होते. आई आतून आली नाही. तिच्या मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि चूल पेटली नव्हती, एवढं बघितलं.

स्टँडवर आजऱ्याच्या गाडीला झुंबड. मी पिशवी घेऊन धक्के खात होते, तेवढ्यात पुढच्या खिडकीतून एक हात आत गेला आणि सीटवर रुमाल पडला. पांढरा, पिठाळलेला रुमाल. आबा. धापा टाकत होते. गिरणी बंद करून आले होते, आणि तो मंगळवार होता. माझ्या आठवणीत त्यांनी सोमवार सोडून गिरणी बंद केलेली ती एकच वेळ.

मी त्यांच्या रुमालावर बसले. ते खिडकीखाली उभे राहिले. पापण्यांवर पीठ होतं, पुसायला आज कोणी नव्हतं.

‘सोमवारी येत जा,’ ते म्हणाले.

‘सोमवारी तुमी दार लावता.’

 कंडक्टर मागची माणसं आत ढकलत होता. मग आबा खिडकीचा गज धरून म्हणाले, ‘तू आलीस तर उघडू की.’

‘कवा?’

‘चारला.’

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. ते दर सांगत होते. ‘चारला कशाला येऊ? चहा प्यायला? जेवणापासनं.’

‘जेवणापासनं न्हाय जमायचं. तुझ्या आईचं हात,’ ते म्हणाले आणि थांबले. कानापर्यंत लाल झाले. ‘तीन.’

‘बारा.’

‘अगं, बारा कसं? तीन म्हणजे तीन.’

‘मग न्हाय यायचा मी.’ मी तोंड फिरवलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, आबा गजाला धरून गाडीबरोबर चालायला लागले होते, टोपी एका हातात, आणि माझे आबा, कोणी काहीही दर बोललं की हो म्हणणारे, जिवाच्या आकांतानं ओरडत होते, ‘अडीच! शालन, अडीच!’

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, ‘दीड!’